पाकिटातले महिने

मुलगा नागपूरचा होता. मार्च २०२२, दुपारचे साडेतीन, म्हापशात अंगाची नुसती काहिली. त्याने मागच्या दोन खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितला, मोबाइल चारी कोपऱ्यांत धरून नेटवर्क बघितलं आणि पायरीवर टेकत म्हणाला, "काकू, मी विचार करून राहिलो होतो, दर महिन्याला कशाला? अकरा महिन्यांचं भाडं एकदमच देऊन टाकतो ना. तुम्ही फक्त हजार रुपये कमी करा."

मी सतरा हजार सांगितले होते. म्हणजे सोळा. सोळा अकरे एकशे शहात्तर. एक लाख शहात्तर हजार.

आकडा डोक्यात उतरला आणि माझी नजर आपोआप वर गेली. वर म्हणजे छपराकडे. त्या दोन खोल्यांवर मंगळुरी नळे आहेत. घाटावर त्यांना कौलं म्हणतात. नळे धड होते, पण खालच्या वाशांना वाळवी लागली होती. सुताराने फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं, यंदा नुसते नळे परतून भागायचं नाही, सात वासे आणि झाडून सगळ्या रिपा बदलाव्या लागतील. अंदाज दीड लाखाचा. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मिरग. त्याला थांब म्हणून सांगता येत नाही.

मी हो म्हटलं. आई आत भिंतीला पाठ लावून बसली होती, तिच्या कानावर सगळं गेलं होतं. मुलगा गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "सगळे आगाव?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पोथीत डोकं घातलं.

ते डोकं घालणं मला लागलं. कारण आमच्या घरात आगाऊ भाडं याआधी फक्त एकदा घेतलं गेलं होतं, १९८२ साली, आणि तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि त्या पैशांच्या पाकिटांवर महिन्यांची नावं माझ्या अक्षरात होती.

आगाऊ हा शब्द मराठीने मोठा खोचक ठेवला आहे. आधी दिलेले पैसे आगाऊ, आणि मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारं पोरही आगाऊ. बाबा हे दोन्ही अर्थ मुद्दाम एकत्र करायचे. "आगाऊ पैसा आगाऊपणा करतो," असं त्यांचं एक वाक्य होतं, आणि ते बोलताना ते माझ्याकडे बघायचे, पैशाकडे नाही. त्यांचं बाजारात वह्या-पुस्तकांचं, पेन-शाईचं छोटं दुकान होतं. दुकानदाराच्या तोंडी अशा पैशांचे किती तरी प्रकार असतात. सौदा पक्का करायला दिला तो विसार. गड्याने मजुरीच्या आधी घेतली ती उचल. मुंबईत खोली मिळवायला मोजली ती पागडी. आणि दुसऱ्याचा पैसा आपल्या पेटीत सांभाळायला ठेवला की ती अनामत. हा शेवटचा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याच्या मुळाशी विश्वास आहे. हल्ली आपण त्याला डिपॉझिट म्हणतो आणि तो मालकाचाच पैसा असल्यासारखे वागतो.

घरामागच्या दोन खोल्या आजोबांनी बांधल्या त्या गुरांसाठी. गुरं गेली, शेण गेलं, बाबांनी कोबा घालून तिथे माणसं ठेवायला सुरुवात केली. पण भाडेकरू ठेवणं हा त्या काळच्या गोव्यात जोखमीचा मामला होता. १९६४ मध्ये शेतजमिनीच्या कुळांचा कायदा आला, १९६८ मध्ये घरभाड्याच्या नियंत्रणाचा, १९७५ मध्ये मुंडकारांचा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यान् पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला आता कुणी उठवू शकत नव्हतं, आणि ते न्यायाचंच होतं; सकाळी भाटकाराची मर्जी फिरली की संध्याकाळी चुलीसकट बाहेर, असं जिणं माणसांनी काढलं होतं. गंमत अशी की बाबा पक्के मगोवाले, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. मुख्यमंत्री बांदोडकर आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी शशिकलाताई, दोघांच्याही वेळी सिंहावर शिक्का मारणारे. म्हणजे ज्या सरकारने हे कायदे केले त्याला मत द्यायचं आणि घरी येऊन त्याच कायद्यांना घाबरायचं. दोनच खोल्यांचे मालक होते, पण भीती शंभर माडांच्या भाटकाराएवढी.

त्या भीतीतून त्यांचे नियम जन्मले. भाडं घ्यायचंच, कितीही थोडं असो, फुकट कुणाला ठेवायचं नाही; कारण राहत्या घराचं भाडं देणारा माणूस मुंडकार ठरत नाही. पावती द्यायचीच, महसुली तिकीट लावून. आणि महिना सरल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. पाच तारखेला, मागच्या महिन्याचे. भाडेकरूने उत्साहाने दोन महिन्यांचे पुढे केले तर एक परत. "म्हयनो जावं दी, मागीर घेतां," म्हणायचे. बोलणं कोंकणीत, पावती मराठीत. आमच्या घरात हे असंच होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाद बाहेर चालायचे.

भाडं घेणं म्हणजे नुसतं पैसे घेणं नाही, हे मला पुढे पणजीच्या एका आत्यामुळे कळलं. तिने भाडेकरूला खोली सोडायची नोटीस दिली होती आणि वकिलाने बजावलं होतं की आता त्याच्याकडून छदामही घ्यायचा नाही. नोटिशीची मुदत संपल्यावरचं भाडं मालकाने घेतलं तर नोटीस सोडून दिली असा अर्थ निघू शकतो. कराराची मुदत संपल्यावर घेतलं तर राहणं पुढे चालू ठेवायला होकार दिला असा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे लिहिलेलं आहे. भाडेकरू तिच्याहून हुशार. तो दर महिन्याला मनीऑर्डर करायचा, पस्तीस रुपयांची. पोस्टमन यायचा, आत्या नको म्हणायची, पोस्टमन "नाकारली" असं लिहून घेऊन जायचा. भाडेकरूकडे पुरावा जमत गेला की मी देत होतो, हीच घेत नव्हती. तो पोस्टमन निवृत्त झाला, दुसरा आला, तरी हा खेळ चालूच. आत्याला पस्तीस रुपयांची गरज नव्हती असं मात्र नाही.

तर १९८२. आमच्या मागच्या खोल्यांत एक तारवटी राहायला आला, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. कांदोळीच्या बाजूचा, ख्रिस्ती, नवीनच लग्न झालेला. घरी भावाभावांत वाटणीवरून बेबनाव होता म्हणून बायकोला म्हापशात ठेवून तो बोटीवर जाणार. कराराने नऊ महिने. जानेवारीच्या सुरुवातीला तो दुकानात आला, काउंटरवर नोटांची गड्डी ठेवली आणि म्हणाला, "पात्रांव, णव म्हयन्यांचें भाडें एकदांच घे." बायकोच्या हातात दर महिन्याला पैशाची चिंता नको, एवढाच त्याचा हेतू. भाडं दोनशे रुपये. अठराशे.

बाबांनी नेहमीचा नकार दिला. तो हटून बसला. बाबा म्हणाले, "हांव तुजो रिणकारी जातलों मरे." मी तुझा देणेकरी होईन. तो हसला. घरमालक भाडेकरूचा देणेकरी कसा होईल? त्याला ते बोलणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विनय वाटला. जहाज मुरगावहून परवा सुटणार होतं, शेवटी बाबांनी पैसे घेतले.

घेतले म्हणजे काय केलं ते सांगते. दुकानातली नऊ पाकिटं काढली, खाकी, लांबट. माझं अक्षर चांगलं म्हणून मला बसवलं आणि प्रत्येकावर एकेका महिन्याचं नाव लिहायला लावलं, जानेवारी ते सप्टेंबर. प्रत्येकात दोनशे रुपये. पाकिटं लोखंडी पेटीत, दागिन्यांच्या डब्याखाली. तारवट्याला पावती दिली नाही, पोच दिली. पोच आणि पावती यांत फरक असतो हे मला त्या दिवशी समजलं: पैसे मिळाले याचा कागद ती पोच, भाडं मिळालं याचा कागद ती पावती. कीर्दीत त्यांनी अठराशे रुपये भाड्याच्या खात्यात नाही, अनामत खात्यात जमा धरले. मग दर पाच तारखेला दुकानातून आले की पेटी उघडायचे, मागच्या महिन्याचं पाकीट काढायचे, कीर्दीत "अनामत नावे, घरभाडे जमा" असं लिहायचे, पावती फाडायचे आणि मला मागच्या दारी धाडायचे, तारवट्याच्या बायकोला पावती द्यायला. तिला त्याचं हसू यायचं. पैसे तर कधीच देऊन झाले, मग दर महिन्याला ही कसली चिठ्ठी? तरी ती पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायची.

मेअखेर बेळगावहून वह्यांचा माल यायचा. शाळा तेव्हा जूनमध्ये उघडायच्या, वह्यांच्या दुकानाचं अर्धं वर्ष त्या तीन आठवड्यांत असायचं आणि घाऊकवाला रोख मागायचा. त्या वर्षी बाबांना चारशे रुपये कमी पडले. पेटीत पाकिटं होती. मी त्या रात्री जागी होते. त्यांनी ऑगस्टचं आणि सप्टेंबरचं पाकीट उघडलं, पैसे काढले आणि दोन्हीत एकेक चिठ्ठी घातली: "घेतले रु. २००. २० जूनपूर्वी ठेवणे." खाली सही, तारीख. स्वतःच्याच पेटीतले, स्वतःच्याच खोलीच्या भाड्याचे पैसे, आणि माणूस स्वतःला कर्जरोखा लिहून देतोय. आई म्हणाली, "कुणाक दाखयतात?" बाबा काही बोलले नाहीत. अठरा जूनला पैसे परत पाकिटात गेले आणि चिठ्ठ्या फाडल्या गेल्या.

जुलैअखेरीस तारवट्याच्या बायकोला सातवा लागला आणि ती माहेरी शिवोलीला गेली, परत न येण्यासाठी. बाळंतपण, मग आईकडेच मूल वाढवणं, मग नवरा आल्यावर बघू. खोली रिकामी केली, किल्ली दिली, पैशाचं नावही काढलं नाही. नऊ महिन्यांचे दिले होते, सात राहिली, संपलं. त्या काळात तसंच समजत.

ऑगस्टच्या मध्यावर एका रविवारी बाबा मला घेऊन बसने शिवोलीला गेले. पाऊस धो धो. तिच्या आईच्या घरी हळदीच्या पानांतल्या पातोळ्या वाफवत होत्या. सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताचे दिवस, आणि आमच्याकडेही श्रावणात त्याच पानांत त्याच पातोळ्या. सगळ्या घराला हळदीच्या पानाचा वास. बाबांनी दोन पाकिटं पुढे केली, ऑगस्ट आणि सप्टेंबर. तिला कळेना. तिच्या आईला तर वाटलं की काही तरी भांडण आहे. बाबांनी समजावलं की या दोन महिन्यांचं भाडं झालंच नाही, त्यामुळे हे पैसे अजून तुमचेच आहेत. त्यांनी पैसे घेतले, आम्हाला पातोळ्या खायला घातल्या, डझनभर बांधून दिल्या, आणि बाबांनी निघताना रिकामी पाकिटं परत मागून घेतली. दुकानदार तो दुकानदारच. नंतर एका पाकिटावरचं "ऑगस्ट" खोडून त्यावर "वीजबिल" लिहिलेलं मी अनेक वर्षं बघितलं.

मी पुढे तीस वर्षं बँकेत काढली. काउंटरच्या मागे बसून हजारो लोकांना ठेव आणि कर्ज यातला फरक समजावला. आणि मार्च २०२२ मध्ये एका नागपूरच्या मुलाने एक लाख शहात्तर हजार खात्यावर टाकल्याचा मेसेज आला तेव्हा मी सुताराला फोन केला. पाकिटं आठवली नाहीत. खरं सांगायचं तर आठवली, पण दीड लाखाची पाकिटं कोण करतं?

करार एजंटाने आणला. अकरा महिन्यांचा, अर्थात. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, १९०८ च्या नोंदणी कायद्याने, म्हणून सगळा देश अकरा महिने राहतो. घर बाबांच्या मागे आईच्या आणि आम्हा भावंडांच्या नावे. गोव्यात लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता सहसा एकत्र धरतात, त्यामुळे अर्धं घर आईचंच. भावाने मुंबईहून फोनवर "घे, घे" म्हटलं. पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म दिला. करारात एक कलम होतं की आगाऊ दिलेलं भाडं कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. मी वाचलं. माझ्या बाजूचं होतं म्हणून पुढे गेले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नवे वासे चढले. लाकूड महागलं होतं, दीडचे एक लाख बासष्ट हजार झाले. उरलेल्या चौदांतले काही रंगाला गेले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि एक थेंबही आत आला नाही. मुलगा आत लॅपटॉपवर, मी बाहेर पडवीत, आणि वर सोळा हजारांप्रमाणे अकरा महिने, अजून न उगवलेले, वासे होऊन बसलेले.

एका रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब मांडला. जुनी खोड. सतराचे सोळा केले म्हणजे अकरा महिन्यांत अकरा हजारांची सूट. पण पहिल्या महिन्याचं भाडं तर एरवीही लगेच मिळणारच होतं. दहा महिने आधी मिळालं ते फक्त शेवटचं. सरासरी काढली तर पैसे पाच महिने आधी हातात आले. एक लाख शहात्तर हजारांवर पाच महिन्यांचे अकरा हजार, म्हणजे वर्षाला साधारण पंधरा टक्के. मी त्या मुलाकडून पंधरा टक्क्यांनी कर्ज काढलं होतं आणि त्याला सवलत म्हणत होते. आईच्या पाटल्या बँकेत ठेवल्या असत्या तर याहून स्वस्तात वासे बदलले असते.

किनाऱ्याकडे हे कर्ज आहे असं कुणाला वाटतच नाही. मोरजी, हरमल, हणजूण, आसगाव: ऑक्टोबर ते मार्च सीझनचं भाडं ऑगस्ट-सप्टेंबरात एकरकमी हातात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर असते, घराला रंग काढायचा, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, मुंबईहून पाहुणे यायचे. पैसे येतात आणि जातात, आणि मग पाहुणा डिसेंबरात आजारी पडून घरी निघाला की वाद. माझ्या एका मैत्रिणीचं असंच आहे. शिवोलीतलं तळघर ती दरवर्षी सहा महिन्यांचे पैसे आधी घेऊन देते. २०२३ मध्ये तिची मुलगी स्विंडनला गेली. इंग्लंडातल्या त्या गावात इतके गोंयकार आहेत की तिथे सुक्या बांगड्याचीही सोय होते म्हणे. तेव्हा तिथे घर भाड्याने घ्यायचं तर जामीन राहणारा तिथलाच माणूस लागायचा, नाही तर सहा महिन्यांचं भाडं आधी. जामीन कुठून आणणार? आईने इथल्या सीझनचे आगाऊ पैसे तिकडे पाठवले. म्हणजे एका पाहुण्याचे अजून न जगलेले महिने शिवोलीत आले आणि तसेच न उघडता स्विंडनच्या घरमालकाच्या खिशात गेले. आता तिकडे कायदा झालाय, २०२५ मध्ये, १ मे २०२६ ही तो लागू होण्याची तारीख: घरमालकाने करारावर सही होण्याआधी भाडं घ्यायचं नाही, आणि त्यानंतरही एका महिन्याहून जास्त आगाऊ मागायचं नाही. मैत्रीण म्हणाली, "आधी केला असता तर." मी म्हटलं, आपल्याकडे असा झाला तर तुझं तळघर? ती म्हणाली ते वेगळं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मुलाच्या कंपनीने सगळ्यांना बेंगळुरूला परत बोलावलं. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने झाले, पाच राहिले. पाच सोळे ऐंशी. त्याने तोंडाने मागितले नाहीत. "काकू, अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय ते माहीत आहे मला," एवढंच म्हणाला, आणि थांबला. त्या थांबण्यात सगळं होतं. मी म्हटलं, बघते. मग तो गेल्यावर त्याचे दोन फोन आले ते मी उचलले नाहीत. लिहायला लाज वाटते, पण बारा दिवस मी त्याचं नाव स्क्रीनवर बघून मोबाइल पालथा घालत होते. माझ्याकडे ऐंशी हजार नव्हते. होते ते छपरावर होते.

एजंट म्हणाला, काही द्यायचं नाही, कलम आहे. दुसरा भाडेकरू तयार आहे, जिल्हा इस्पितळातल्या दोन नर्स, नोव्हेंबरपासून. मी म्हापशाच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका वर्गमित्राला विचारलं. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "कायद्याने बघशील तर तो आपणहून गेला, तू त्याला काढलं नाहीस, कलमही आहे, भांडायला तुझी बाजू बरी आहे. पण नर्स ठेवल्यास तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकाच खोलीची दोन भाडी घेशील. ते न्यायाधीशाला समजावताना मजा येईल."

मग त्याने एक जुनी गोष्ट सांगितली. इंग्लंडात १८७० मध्ये एक निकाल झाला. भाडेकरूने भाडं मुदतीआधीच मालकाला देऊन टाकलं होतं. घर गहाण होतं आणि ज्याच्याकडे गहाण होतं त्याने भाड्याची तारीख उगवायच्या आत कळवलं की आता भाडं मला द्या. भाडेकरू म्हणाला, मी तर दिलंय. कोर्ट म्हणालं की मुदतीआधी दिलेला पैसा हे भाडं नव्हे. ती मालकाला दिलेली उचल. भाड्याची तारीख येईल त्या दिवशी तिचं भाडं होईल, तोवर नाही. भाडेकरूला पुन्हा द्यावं लागलं. आपल्याकडेही कोर्टांनी हाच विचार धरला. "तू जुलैत घर विकलं असतंस," वकील म्हणाला, "तर नव्या मालकाने त्या पोराकडे ऑगस्टचं भाडं नव्याने मागितलं असतं, आणि पोराने तुझ्याकडे त्याची उचल. म्हणजे पैसे घेतलेस तेव्हा तू मालकीण नव्हतीस, तू..."

"रिणकारी," मी म्हटलं.

"हां. तेंच."

बाबा सातवीपर्यंत शिकलेले. १८७० चं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मी मुलाला फोन केला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हटलं, ऐंशी आहेत, एकदम नाहीत, दर महिन्याला सोळा देईन, पाच तारखेला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "काकू, म्हणजे आता तुम्ही मला भाडं देणार?" आणि दोघंही हसलो. ते हसू जरा जास्तच वेळ चाललं, कारण त्याआधीचे बारा दिवस होते.

ऑक्टोबरचे सोळा माझ्या पेन्शनमधून गेले. खोली रिकामीच होती, न्हाणीघराची फरशी बदलून घेतली तेवढ्यात. नोव्हेंबरपासून नर्स. त्यांच्याशी मी बाबांच्या पद्धतीने बोलले: महिना सरल्यावर, पाच तारखेला. त्या चकित झाल्या. एकीने तर दोन महिन्यांचं डिपॉझिट आणलंच होतं, ते मी घेतलं. मी बाबा नाही. २०२१ च्या केंद्राच्या नमुना कायद्यातही राहत्या घराला दोन महिन्यांचीच मर्यादा सुचवली आहे, तेव्हा तेवढं चालतं असं मनाचं समाधान केलं. पण महिना सरल्यावर म्हणजे त्यांचं पहिलं भाडं डिसेंबरात. नोव्हेंबरचा हप्ताही पेन्शनवरच आला, आणि त्या महिन्यात मासळी कमी आणि कडधान्यं जास्त झाली. डिसेंबरपासून पाच तारखेला सकाळी त्या पैसे द्यायच्या आणि दुपारी मी बेंगळुरूला पाठवायचे. मोबाइलवर पाठवताना खाली काही लिहायला एक जागा असते. मी पहिल्यांदा लिहिलं: ऑक्टोबर. मग नोव्हेंबर. पाकिटं नव्हती एवढंच. फेब्रुवारीचा हप्ता गेला तेव्हा त्याचं उत्तर आलं, "मिळाले काकू. छप्पर गळत नाही ना?"

गळत नाही. चार पावसाळे काढलेत त्याने.

मागच्या डिसेंबरात तो बायकोला घेऊन आला, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. खोल्यांत नर्स होत्या म्हणून आमच्याच माडीवर चार दिवस राहिला. जाताना म्हणाला, पुढच्या डिसेंबरात आठ दिवस यायचं आहे, माडी ठेवाल का, आणि खिशातून मोबाइल काढला. मी म्हटलं, आधी ये तर खरा.

तो फाटकातून बाहेर पडला तशी आई आतून म्हणाली, "आगाव घेवंक ना मगो?"

"ना गो," मी म्हटलं, आणि बर्फीचा डबा तिच्या हाताशी ठेवला.